जाळ्याचा वाटा

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तांदळाच्या डब्यामागे ती ठेवलेली असते. शाळेत असताना वहीच्या पहिल्या पानावर काहीतरी चांगले लिहायची पद्धत होती, देवाचे नाव वगैरे. मला माफीच आधी सुचली.

मी चौथी शिकले. माहेरी पाचवी खाडीपलीकडच्या गावात होती आणि रोज होडीने जायला परवडणार नाही असे घरात ठरले. कोणी मला विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी नकोच म्हटले असते. चार वर्षांत मी वर्गात एकदाही हात वर केला नव्हता. उत्तर यायचे. पण हात वर केला की सगळे बघतात.

मी मासे विकते. ओरडून विकणे मला जमत नाही, म्हणून मी ठरलेल्या घरी जाते. सुकी मासळी असली की कसालच्या बाजाराला जाते आणि तिथेही कडेला बसते. शेजारच्या बायका ओरडतात, गिऱ्हाईक त्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडचे संपले की माझ्याकडे वळते. माझेही संपते, थोडे उशिरा संपते इतकेच.

आमच्या घरामागे दगडाचा गडगा आहे आणि गडग्यापलीकडे शाळा. सातवीपर्यंतची आहे, पण मुले सतराच. गुरुजी दोन, त्यातले एक बहुतेक वेळा कुठल्यातरी सरकारी कामावर असतात. मी लिहिते आहे ते दुसऱ्या गुरुजींबद्दल. ते घाटावरचे, तरुण आहेत, मासे खात नाहीत. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी समुद्र लांबूनसुद्धा दोनदाच बघितला होता, असे मुले सांगत. पहिल्या महिन्यात मुलांनी त्यांना काय काय विचारले. रात्री पाणी चमकते ते कशाने, कुर्ली आडवी का चालते. गुरुजी म्हणाले, मला माहीत नाही, तुम्ही शोधा आणि मला शिकवा. मुलांना वाटले गुरुजी थट्टा करतात. ते थट्टा करत नव्हते.

तेव्हापासून शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतरचा वेळ मुलांचा झाला. लहान-मोठी सगळी एका वर्गात बसत. काय शिकायचे ते मुले ठरवत, कोणी सांगायचे ते मुले ठरवत, आणि गुरुजी मागे भिंतीला टेकून जमिनीवर बसत. मुलांनी एका पुठ्ठ्यावर नियम लिहून दाराला लावले होते. पहिलाच नियम असा होता की मुलांनी विचारल्याशिवाय मोठ्या माणसांनी बोलायचे नाही. गुरुजींनाही तो लागू होता. मी गडग्याच्या अलीकडे मासे साफ करत बसायची आणि मला सगळे ऐकू यायचे. तो नियम मला आवडला. मी जन्मभर तोच पाळत आले होते.

एका शुक्रवारी शाळेच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ का होते यावर भांडण झाले. एका शुक्रवारी सायकलचे पंक्चर काढून दाखवले. काही शुक्रवार फुकट जायचे. नुसता गोंधळ व्हायचा, गुरुजी तसेच बसून राहायचे, आणि घंटा व्हायची. गावात त्यावरून बोलले जायचे. आमच्या घरातून, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे, "पगार गुरुजी खातत आणि शिकवतत पोरां."

दिवाळीनंतर मुलांनी ठरवले की बांगडे खारवून सुकवायचे, किती सुकले की किती वजन कमी होते ते मोजायचे, मग विकायचे. हे ठरवणारी सहावीतली एक मुलगी होती. तिचा बाप आमच्या घरच्यांबरोबर रापणीला असतो. तीच गडग्यावर चढून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकी, आमका दोनशे बांगडे होये. पैसे मागसून देतलो."

मी हो म्हटले. नाही म्हणायला जास्त बोलावे लागते.

त्या दिवसांत बांगडा खूप लागला होता आणि भाव पडला होता. दोनशे बांगडे मला पंधराशेला पडले. खडे मीठ शंभराचे. सोळाशे रुपये म्हणजे माझे जवळजवळ सगळे भांडवल. किनाऱ्यावर सकाळी रोख दिल्याशिवाय टोपली उचलता येत नाही, त्यामुळे रोज फिरणारे एवढेच पैसे माझ्याकडे असतात. पण बांगडे सुकून विकायला आठ-दहा दिवस पुरेसे होते, आणि तेवढे दिवस मी थोडे मासे घेऊन काढले असते.

कामाआधी मुलांनी वाटणीचे ठरवले. मी गडग्याआडून ऐकत होते. कोणी म्हणाले, सगळ्यांना सारखे. कोणी म्हणाले, मोठ्यांना जास्त. त्यावर ती सहावीतली मुलगी म्हणाली की रापणीत असते तसेच. जो दोरीला हात लावतो त्याला वाटा. हे सगळ्यांना पटले. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रापणीचे जाळे समुद्रात गोल टाकतात आणि दोन्ही बाजूंनी दोर धरून किनाऱ्यावर ओढतात. वाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्याने जरी दोर धरला तरी मासळी आल्यावर त्याला चार मासे मिळतात. त्याला हात हलवत परत पाठवत नाहीत. गुरुजींनी तो नियम वहीत लिहून घेतला. त्यांना तो फार आवडलेला दिसला.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या अंगणात काम सुरू झाले. मोठ्या मुलांनी बांगडे पाठीतून चिरले, लहानांनी धुतले. ते बघायला आया आल्या, आज्या आल्या, आणि मुलांचे चिरणे बघवेना म्हणून विळ्या घेऊन बसल्या. मीठ लावायला मलाही बोलावले. दुसऱ्या दिवसापासून जुन्या जाळ्याच्या तुकड्यांवर बांगडे उन्हात घातले. ते परतायला येणारी-जाणारी माणसे थांबत. रविवारी संध्याकाळी अचानक ढग आले आणि मोठे थेंब पडायला लागले, तेव्हा तर अर्धी वाडी धावली. बांगडे भिजले नाहीत.

सुकल्यावर मुलांनी वजन केले. ओल्याचे आणि सुक्याचे वजन फळ्यावर लिहिले, किती भाग उरला ते काढले. ते गणित बरोबर आले होते. चार बांगडे कावळे-मांजरांनी नेले होते. राहिलेल्या एकशे शहाण्णवांची मग वाटणी झाली. हात लावलेल्या माणसांची यादी ती मुलगी वाचत होती. बावन्न नावे झाली. प्रत्येकाला तीन बांगडे. कागदात बांधून मुले घरोघरी पोचवून आली. गुरुजींनाही तीन दिले, त्यांनी ते शेजारी देऊन टाकले. मला तीन दिले. मी घेतले. त्या रात्री आम्ही दोघांनी ते चुलीत भाजून खाल्ले, आणि खाताना मला माहीत होते की हे माझेच बांगडे आहेत आणि अजून त्यांचे पैसे आलेले नाहीत.

चाळीस बांगडे उरले. ते मुंबईला परत जाणाऱ्यांना पंधरा रुपयांनी विकले. सहाशे आले. ते सहाशे मुलांनी मला आणून दिले आणि मग उरलेल्या हजारासाठी विकायला काही राहिले नाही हे त्यांच्या लक्षात आले.

आमच्या घरात हसणे झाले. "काय गो सावकारणी, व्याज किती लावलंस?" असे रोज विचारणे सुरू झाले. मी त्या महिन्यात अर्धीच टोपली घेत होते. दोन ठरलेली घरे माझ्या हातून गेली, कारण रोज मासे नेता येत नव्हते.

गोष्ट शाळा समितीत गेली. समितीचे अध्यक्ष नात्याने माझे थोरले चुलत दीर लागतात. त्यांच्यासमोर मी पंचवीस वर्षांत उभी राहून बोलले नव्हते. त्यांचा नातू त्याच शाळेत तिसरीत आहे. पैसे माझे अडकले म्हणून मलाही बोलावले होते. मी दाराशी उभी राहिले.

अध्यक्ष म्हणाले, "ही शाळा आसा काय बाजार? पोरां ठरवतली आणि गुरुजी बघीत बसतले?"

गुरुजींनी कबूल केले की वाटणी सुरू झाली तेव्हाच चूक त्यांच्या लक्षात आली होती. मग थांबवले का नाही, असे कोणीतरी विचारले. ते म्हणाले की मुलांनी त्यांना विचारले नव्हते. त्यावर बरेच बोलणे झाले. सगळे मला आठवत नाही. गुरुजी शांत आवाजात एवढेच सांगत राहिले की चूक मुलांची आहे, तर ती निस्तरायलाही मुलांनाच द्या.

शेवटी अध्यक्षांनी ठरवून टाकले. "बरा. शिमग्याआधी पोरांनी आपल्या हातान हजार रुपये फेडूचे. आवस-बापाशीचो पैसो चलाचो नाय. नाय जमला, तर शुक्रवारचो खेळ बंद. पाढे म्हणूक बसवूचे."

मला म्हणायचे होते की मला पैसे नकोत. तोंडातून आले नाही. दुसऱ्या दिवशी गडग्यापाशी गुरुजी दिसले तेव्हा मी ते सांगितले. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही सोडून दिलेत तर मुलांनी फेडले असे होत नाही. शुक्रवार जाईल." मग त्यांनी विचारले की मला अडचण आहे का. मी नाही म्हटले. ते खरे नव्हते, पण मला आता पैशांइतकीच त्या शुक्रवाराचीही काळजी वाटत होती. मी रोज ऐकत होते ना. कोणाचे पोर काय विचारते ते मला आवाजावरून कळत होते. काही पोरे वर्षभर गप्प होती आणि आता बोलायला लागली होती. पाढे मी चार वर्षे म्हटले आहेत. तीसपर्यंतचे मला अजून येतात.

पुढच्या शुक्रवारी मुलांनी मला वर्गात बोलावले. ती सहावीतली मुलगी न्यायला आली होती. मी पदर सारखा केला आणि हात दोनदा धुतले, तरी वास जात नाही. वर्गात मला खुर्ची ठेवली होती. मी बसले नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. फळ्यावर लिहिले होते, "आमचे हजार रुपये खंय गेले?" गुरुजी मागे भिंतीपाशी होते.

मुले आपापली कारणे सांगत होती. एकाचे म्हणणे, कावळे. त्याला बाकीच्यांनी गप्प केले, चार बांगड्यांचे साठ रुपये होतात. एक म्हणाला, पंधरा रुपये भाव कमी लावला. एक मोठा मुलगा म्हणाला की बावन्न माणसे घ्यायलाच नको होती, सतरा मुलांनाच वाटा द्यायचा आणि बाकीच्यांना हात लावू द्यायचा नाही.

ती मुलगी म्हणाली, "दोर धरल्याक नाय कसा म्हणतलंस? तुझ्या आजयेन बांगडे चिरले, तिका परत पाठवतलंस?"

तो म्हणाला, "मगे पैसे तूच दी."

यावर आवाज वाढला. माझ्याकडे कोणी बघत नव्हते आणि मला ते बरे वाटत होते. मला उत्तर माहीत होते. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होते, मुले वाटणी ठरवत होती तेव्हा गडग्याआड बसूनसुद्धा. सांगितले नाही ते मुलांच्या नियमामुळे की माझ्या स्वभावामुळे, हे मला आजही ठरवता येत नाही.

अध्यक्षांचा नातू पुढच्या रांगेत बसला होता. तो एकदम माझ्याकडे वळला आणि विचारले, "काकी, रापणीत पयलो वाटो कोणाचो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"जाळ्याचो," मी म्हटले.

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "जाळा कोणाचा होता?"

"काकीचा," तो तिसरीतला म्हणाला.

त्यानंतर मुलांनी गुरुजींना समजावले. एकजण सांगे, दुसरा मध्येच बोले. रापणीची मासळी किनाऱ्यावर आली की आधी जाळ्याचा आणि होडीचा भाग बाजूला काढतात. जवळजवळ अर्धी मासळी त्यात जाते. त्यातून जाळे दुरुस्त होते, नवा दोर येतो. राहिलेली मासळी हातांना. मुलांना हे माहीत नव्हते असे नाही. पण वाडीतल्या मुलांपर्यंत येते ती बापाच्या पिशवीतली मासळी, हातांच्या वाट्याची. जाळ्याचा वाटा त्यांच्या डोळ्यांसमोरून कधी जात नाही. म्हणून नियम सांगताना सगळ्यांना दोर आठवला आणि जाळे कोणाला आठवले नाही. माझे सोळाशे रुपये म्हणजे जाळे होते. ते आधी काढून ठेवायचे आणि उरेल ते बावन्न जणांना द्यायचे. मग प्रत्येकाला एखादा बांगडा गेला असता, आणि त्यावर कोणी नाराज झाले नसते.

गुरुजींनी हात वर केला आणि मुलांनी हो म्हटल्यावर विचारले, "मग आता काय करायचं?"

तेवढ्यात घंटा झाली. मी घरी आले. त्या दिवशी माझ्याकडून सुरमईचा एक तुकडा वाकडा कापला गेला.

पुढचे दोन शुक्रवार मुलांनी एकच प्रश्न घेतला. भांडवल न लावता काय मिळवता येते. करवंटीची भांडी, झाडू, काय काय निघाले. शेवटी तिसऱ्या निघाल्या. खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळू उघडी पडते तिथे हाताने उकरून शिंपल्या काढतात, त्या तिसऱ्या. त्याला जाळे लागत नाही, होडी लागत नाही. मुलांनी मला परत बोलावले आणि विचारले की कुठे मिळतात, किती लहान असल्या तर सोडून द्यायच्या, किती वेळ पाण्यात ठेवल्या की वाळू टाकतात. या वेळी मी खुर्चीवर बसले. बरेच बोलले. माझे बोलणे एक मुलगा वहीत लिहून घेत होता, आणि तो लिहून होईपर्यंत मला थांबावे लागत होते. मी बोललेले कोणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ.

वाटणी पुन्हा ठरली. निम्मे जाळ्याला, म्हणजे माझे देणे. निम्मे हातांना. गुरुजींनी हात वर करून विचारले की सगळेच देण्यात का टाकत नाही, लवकर फिटेल. मुलगी म्हणाली, "मगे दोर ओढूक कोण येतलो?" गुरुजींनी तेही लिहून घेतले.

दर रविवारी ओहोटी बघून मुले खाडीवर जात. तिसऱ्या काढून, मोजून, किनाऱ्यावरच्या पर्यटकांच्या खोल्यांवर विकत. पहिल्या रविवारी माझ्याकडे एकशे ऐंशी आले, मग दोनशे वीस. एक पाहुणी बाई फोनवरून पैसे पाठवते म्हणाली. मुलांकडे फोन नव्हता. गुरुजींचा नंबर द्यायचा का यावर तिथेच सभा भरली आणि ठरले की नाही, मोठ्या माणसाच्या हातात पैसे जातील. बाईला दुकानापर्यंत चालत जाऊन रोख पैसे आणावे लागले. मला ही गोष्ट त्यांनी तिघांनी तीन वेळा सांगितली.

पैसे आणून दिले की ती मुलगी एका कागदावर माझी सही घ्यायची. सही करायला मला वेळ लागतो. ती घाई करत नसे.

पुढे दोनशे साठ आले, एकशे नव्वद आले. मग भांगाचे दिवस आले. तेव्हा पाणी पुरेसे ओसरत नाही, वाळू उघडी पडत नाही. एक रविवार तसाच गेला. शिमग्याआधी आता एकच रविवार होता आणि दीडशे रुपये बाकी होते. म्हणजे तीनशेच्या तिसऱ्या विकायला हव्या होत्या. आधीच्या रविवारी तीनशेच्या पुढे गेले होते, पण भांगानंतर वाळू किती उघडी पडेल याचा भरवसा नव्हता. मुलांमध्ये कुरबुर सुरू झाली की या वेळी हातांचा वाटा सोडून द्यायचा. सहावीतली मुलगी तयार नव्हती. नियम एकदा मोडून तर हे झाले होते, असे तिचे म्हणणे.

त्या बुधवारी दुपारी अध्यक्ष आमच्या अंगणात आले. घरात मी एकटी होते. मी डोक्यावर पदर घेतला आणि आत पाणी आणायला गेले. परत आले तर त्यांनी ओट्यावर दीडशे रुपये ठेवले होते आणि त्यावर एक दगड, वाऱ्याने जाऊ नयेत म्हणून.

"ह्ये घे आणि पोचले म्हणान सांग," ते म्हणाले. "नातू दोन दिस धड जेवूक नाय. माझ्याशी बोलणा नाय. मी बोललंय ता बोललंय, आता चार माणसात मागे कसो येव?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. ते म्हणाले, "गो, तू कोणाक सांगू नको, मी सांगणंय नाय."

मी पैशांकडे बघत होते. दीडशे रुपये आले असते तर गुरुवारी मी पुरी टोपली घेतली असती. शुक्रवारही राहिला असता. कोणाला कळले नसते, मला सोडून. आणि मी तर बोलतच नाही. माझ्याकडे ते आले होते तेही त्याचसाठी.

"भावजी," मी म्हटले, "तो वाटो तुमचो न्हय. तुमी दोरीक हात लावलात नाय."

हे मी कसे म्हटले ते मला माहीत नाही. म्हटल्यावर मी खांबाच्या मागे सरकले. त्यांनी तांब्या उचलला. पाणी प्यायले. मग दगड उचलला, पैसे खिशात घातले, दगड होता तिथे परत ठेवला आणि गेले. संध्याकाळी मी आमच्या घरात सांगितले तेव्हा त्या दिवशी हसणे झाले नाही.

रविवारी मी खाडीवर गेले नाही, पण घरी मला तिघांनी येऊन सांगितले. अध्यक्ष सकाळीच तिथे आले होते. पोरे बुडतील म्हणून बघायला आलोय, असे म्हणाले. आधी काठावर उभे राहिले, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरले. वाळू कुठे उकरायची ते त्यांना माहीत होते, लहानपणी त्यांनीही काढल्या असणार. मुलांनी त्यांच्या हातात पिशवी दिली. दोन तास त्यांनी काढल्या, आणि पोरांपेक्षा जास्त काढल्या. वाटणीच्या वेळी ते जायला निघाले तर नातवाने थांबवले. हातांच्या वाट्याच्या पैशांऐवजी त्यांना तेवढ्याच्या अकरा तिसऱ्या दिल्या. त्यांनी त्या रुमालात बांधून नेल्या.

त्या दिवशी तीनशे वीस रुपये आले.

शिमग्याआधीच्या शुक्रवारी समितीची माणसे वर्गात आली. मुलांनी सगळ्यांना जमिनीवर बसवले आणि दारावरचा पुठ्ठा दाखवला. अध्यक्ष बसले आणि विचारल्याशिवाय बोलले नाहीत. मलाही बोलावले होते. सहावीतल्या मुलीने टेबलावर एकशे साठ रुपये ठेवले आणि म्हणाली की हा जाळ्याचा वाटा. मी मोजले. दहा रुपये जास्त होते. कमरेच्या पिशवीतून दहाचे नाणे काढून मी तिला परत दिले. तिने ते मोजल्यासारखे हातात उलटे-सुलटे केले.

मग तिने माझ्या हातात खडू दिला. "काकी, फळ्यार लिवा."

मी सगळ्यांकडे पाठ केली, त्यामुळे ते जमले. ओळ वर चढत गेली आणि शेवटचे अक्षर फळ्याच्या कडेला अडकले. मी लिहिले, "हजार रुपये मिळाले. बाकी नाही." आणि खाली सही केली.

मागे वळले तेव्हा तो तिसरीतला मुलगा विचारत होता, "आजोबा, शुक्रवार ऱ्हवलो?"

"ऱ्हवलो," ते म्हणाले.

मी पैसे पिशवीत घातले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर मी पुरी टोपली घेतली आणि रोख दिले.